कार्डावरचे रिकामे महिने



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांना या गावात कुणी नावानं हाक मारली नाही. त्या सगळ्यांच्या बाई होत्या, इथल्या अंगणवाडीच्या बाई. मीही आज त्यांना बाईच म्हणणार आहे. मी मुलांचा डॉक्टर. बीड जिल्ह्यातल्या या गावात दवाखाना सुरू केला तेव्हा पदवी ताजी होती, पुस्तकं पाठ होती. पण मुलाच्या वाढीकडे बघायचं कसं, हे मला बाईंनी शिकवलं. त्यासाठी त्यांना एका दुपारची पाच मिनिटं पुरली. तिथूनच सुरुवात करतो.

पाडवा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. कारखान्यांचा पट्टा पडला होता, हंगाम संपला होता आणि ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून गावी परतत होती. बाई एका बाईमाणसाला घेऊन आल्या. तिच्या कडेवर वर्षाची मुलगी आणि मागे, दाराची चौकट धरून उभी असलेली, आठ वर्षांची थोरली. मी धाकटीला काट्यावर ठेवलं. सात किलो तीनशे ग्रॅम. ताप नव्हता, छाती साफ होती. मी म्हणालो, "थोडी बारीक आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही. खाऊपिऊ घाला."

बाई काही बोलल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी अंगणवाडीचं वजनाचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. जन्माला तीन किलो. पाचव्या महिन्यात सहा. दिवाळीला, म्हणजे सातव्या महिन्यात, सात किलो दोनशे. पुढं पाच महिने कार्ड कोरं. बाईंनी माझंच पेन उचललं, बाराव्या महिन्याच्या रेघेवर सात किलो तीनशेचा ठिपका दिला आणि दिवाळीच्या ठिपक्याला जोडला. जन्मापासून चढत आलेली रेघ एकदम आडवी झाली.

"डॉक्टर, ही दिवाळीलाही एवढीच होती," बाई म्हणाल्या.

मी वजन बघितलं होतं, बाईंनी वाढ बघितली होती. सात किलो तीनशे हा आकडा एकटा असेल तर तो काही सांगत नाही. वर्षाची एखादी मुलगी मुळातच चणीनं लहान असेल, तर ती तेवढ्या वजनातही ठणठणीत असते. पण पाच महिन्यांत जिथं सव्वा किलोच्या आसपास भर पडायला हवी, तिथं फक्त शंभर ग्रॅम पडले असतील, तर ते मूल आजारी असो-नसो, संकटात आहे.

मुलाची वाढ रेघेत वाचायची असते, ही कल्पना तशी जुनी आहे. फ्रान्समध्ये माँबेयार नावाच्या एका सरदारानं १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजायला सुरुवात केली आणि मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे १७७७ पर्यंत, ते व्रत सोडलं नाही. त्याचा मित्र बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञानं ती टिपणं छापली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. एकाच मुलाची जन्मापासून तारुण्यापर्यंतची अशी ती पहिली नोंद मानतात. या नोंदीतून प्रत्येक वर्षी किती उंची वाढली हे काढलं, की एक विलक्षण चित्र दिसतं. जन्मानंतर वेग प्रचंड असतो, मग तो झपाट्यानं उतरतो, मधली कित्येक वर्षं संथ जातात आणि वयात येताना तो पुन्हा एकदा उसळतो. आज आपल्या गावातल्या मुलाची नोंद ठेवली तरी चित्र हेच निघतं. पहिल्या वर्षी पंचवीसेक सेंटिमीटर, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मी, पुढं शाळेच्या वयात वर्षाला पाच-सहा. वजनाचंही तसंच. पाच महिन्यांत जन्माच्या दुप्पट, वर्षात तिप्पट. चौपट व्हायला मात्र पुढचं अख्खं वर्ष लागतं.

म्हणून पाच महिने म्हणजे पाच महिने, असा हिशेब मुलांच्या बाबतीत चालत नाही. नऊ वर्षांच्या मुलाचे पाच महिने उपासमारीत गेले तर वाईटच, पण ते भरून काढायला त्याच्यापाशी अवकाश असतो. सातव्या ते बाराव्या महिन्यातले पाच महिने फार महाग असतात. बाळाच्या डोक्याचा घेर जन्माला पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि वर्षात सेहेचाळीसच्या घरात जातो. दुसऱ्या वर्षी त्यात जेमतेम दोनेक सेंटिमीटरची भर पडते. आत मेंदू वाढतो म्हणून घेर वाढतो. दोन वर्षांचं होईतो मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तीन-चतुर्थांशावर गेलेलं असतं आणि सहाव्या वर्षी नव्वद टक्क्यांपर्यंत पोचतं. आपल्या आज्या टाळूवर तेलाचं बोट ठेवून 'टाळू भरली का' हे बघायच्या. दीड वर्षाच्या सुमारास ती भरते. त्या बोटाखालीच ही सगळी घाई चाललेली असते.

आता त्या मुलीचे ते पाच महिने कुठं गेले, ते सांगतो, कारण तिच्या आईनं मला ते त्याच दिवशी सांगितलं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे दिवस मोडायची सोय नाही. पहाटे अंधारात फडात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी आली की रात्री-अपरात्री ती भरायची. मुलगी बांधावरच्या झोळीत, नाहीतर कोपीत, म्हणजे झोपडीत. अंगावरचं दूध सकाळी एकदा आणि रात्री. मध्ये थोरली तिला कोऱ्या चहात बिस्किट भिजवून द्यायची. सहा महिने पूर्ण झाले की मऊ भात, वरण, भाकरी कुस्करून, चमचाभर तेल घालून दिवसातून दोन-तीनदा आणि पुढं तीन-चारदा भरवायचं, हे त्या आईला माहीत होतं. गावात असताना ती ते करतही होती. फडात तिच्याकडे हात मोकळे नव्हते. मी तिला "खाऊपिऊ घाला" म्हणालो होतो. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

या वयात पोटासारखी कानालाही भूक असते. कॅनडातल्या जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या संशोधकांनी १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी हिंदीतले 'ट' आणि 'त' घेतले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना यातला फरक कानाला नीट कळत नाही. पण इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो कळत होता! आणि वर्षाचं होता होता त्याच घरांतल्या बाळांचा तो कान मिटला होता. म्हणजे आपल्या मराठी घरातलं बाळ 'पाणी'तला ण आणि 'बाळ'मधला ळ एक शब्दही न बोलता पक्का करत असतं, आणि कामाला येणार नाहीत ते आवाज बाजूला टाकत असतं. हे सगळं बोलण्यातून घडतं, कुणीतरी त्याच्या तोंडाकडे बघून बोलण्यातून. आंघोळ घालताना, भरवताना, झोपवताना आजी जे अखंड बोलत असते, त्यावर बाळाची भाषा उभी राहते. बांधावरच्या झोळीला हा आवाज दिवसातून किती वेळ मिळत असेल?

इथं एक गोष्ट आयांसाठी सांगायला हवी, कारण दवाखान्यात रोज विचारलं जातं: शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चालायला लागलं, आमचं का नाही? जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह सहा देशांतल्या, नीट खातं-पितं ठेवलेल्या मुलांचा अभ्यास केला आणि २००६ मध्ये वाढीची नवी मानकं दिली. त्यात आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. सगळी निरोगी मुलं. शंभरातली चारेक मुलं तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. तेव्हा शेजारच्या मुलाशी तुलना सोडा. तुलना करायची ती त्याच मुलाच्या मागच्या महिन्याशी. काल पालथं पडणारं आज बसायला बघतंय का, बसणारं धरून उभं राहायला बघतंय का? पुढं सरकतंय ना? आणि जे काल येत होतं ते आज येईनासं झालं, तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे या.

अडीच-तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं कधी लक्ष देऊन ऐका. माझी नात दोन वर्षांची असताना 'मी केलं' असं बरोबर म्हणायची. तीन वर्षांची झाल्यावर 'मी करलं' म्हणायला लागली. घरात सगळे हसले, तिची आई दर वेळी दुरुस्त करायची. मला मात्र फार आनंद झाला. आधी ती ऐकलेला शब्द जसाच्या तसा परत देत होती. आता तिनं स्वतः नियम शोधला होता: बसणं-बसलं, पळणं-पळलं, तर करणं-करलं. हे वाक्य तिनं घरात कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नव्हतं. मागं गेल्यासारखं दिसणारं ते पाऊल मोठी झेप होती. वर्षभरात 'केलं' आपोआप परतलं.

आणखी एक, ताकाची, गोष्टही तिचीच. ज्यां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा तो प्रसिद्ध प्रयोग मी तिच्यावर करून बघितला. दोन सारख्या पेल्यांत सारखं ताक. एका पेल्यातलं तिच्या डोळ्यांदेखत उंच निमुळत्या ग्लासात ओतलं. "जास्त कशात?" चार वर्षांची नात क्षणभरही न थांबता म्हणाली, "ह्यात." उंच ग्लासाकडे बोट. मी ते परत पेल्यात ओतून दाखवलं, पुन्हा ग्लासात ओतलं, पुन्हा उत्तर तेच. समजावून उपयोग नव्हता. सात वर्षांची झाल्यावर तिला तोच प्रश्न विचारला, तर ती माझ्याकडे काळजीनं बघत म्हणाली, "आजोबा, तेच तर आहे ताक." मधल्या तीन वर्षांत तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिनं मातीत, पाण्यात, भांड्याकुंड्यांत हात घालून ते मिळवलं होतं.

म्हणूनच तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबून दोन रेघांत लिहायला बसवणाऱ्या वर्गांची मला मनापासून चीड येते. आमच्याकडे कधीमधी लहान मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढावा लागतो. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या एक्स-रेत तिथं एकही दिसत नाही, कारण ती अजून कूर्चा असतात. वर्षाच्या मुलात साधारण दोन दिसतात, तीन वर्षांच्या मुलात तीन. सहा-सात वर्षांचं होता होता सात. आठवं, वाटाण्याएवढं, त्याच्याही पुढं दोन-चार वर्षांनी. अक्षर काढायला फक्त हाडं लागत नाहीत, बोटांच्या बारीक स्नायूंची पकड लागते, नजर आणि हात यांची जोडी जमावी लागते. तीही त्याच सुमारास, चार ते सहा वर्षांच्या दरम्यान पक्की होते. तो एक्स-रे मी पालकांना उजेडाला धरून दाखवतो. बरेच जण नंतर गप्प बसतात.

याची जाण आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं, आणि १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षण केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथं त्यांच्या सोबतीला आल्या. पुढं दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. पाड्यांवरची आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर नेली, कुणाच्या तरी अंगणात भरवली. चिंचोके, शंख-शिंपले, पानं, खडे हे साहित्य. आधी अंघोळ, नखं काढणं, मग गाणी-गोष्टी. तीच अंगणवाडी. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्राला हेच नाव मिळालं. आज देशाच्या कानाकोपऱ्यात उच्चारला जाणारा हा मराठी शब्द आपल्या दोन बायांच्या चालण्यातून आलेला आहे. समोर बसलेल्या सेविकांनी हे कधी विसरू नये. आमच्या बाई कोसबाडला जाऊन आल्या होत्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत चिंचोके होते.

शाळेची पहिली चार-पाच वर्षं शरीर शांत असतं, त्यावर फार बोलत नाही. दोन गोष्टी मात्र पालकांच्या कानावर घालतो. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागं, कुठलाही दात न पडता, नवी दाढ येते. लोक तिला दुधाची समजून किडू देतात. ती कायमची असते. आणि या वयात टॉन्सिल मोठे दिसतात म्हणून घाबरून जाऊ नका. शरीरातला हा भाग दहा-अकराव्या वर्षापर्यंत वाढतो आणि पुढं आपोआप आकसतो. प्रत्येक अवयवाचं घड्याळ वेगळं असतं.

आता दाराची चौकट धरून उभ्या असलेल्या त्या थोरलीकडे येतो. त्या दुपारी मी तिच्याकडे बघितलंही नव्हतं. तिच्या वयाचं कार्ड नसतं. पाच महिने धाकटीला सांभाळून ती आली होती. तिसरीचा वर्ग तिच्याशिवाय पुढं गेला होता. आठ वर्षांच्या मुलाचं काम काय? मैत्रिणींचा घोळका करणं, खेळाचे नियम ठरवणं आणि त्यावरून भांडणं, वाचायला शिकलोय ते आता वाचून काही शिकण्यासाठी वापरणं. तिनं त्याऐवजी कोप सांभाळली, भाकरी थापली. पुढं काही ठिकाणी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली. पण ज्या घरात धाकटं आहे, त्या घरातली थोरली वसतिगृहात राहत नाही. ती फडातच जाते. या एका गाठीकडे कुणी पुरेसं लक्ष दिलेलं नाही, असं मला वाटतं.

आणि दोन वर्षांत तिच्या उंचीची दुसरी उसळी सुरू होणार होती. मुलींमध्ये ती दहा-अकराव्या वर्षी सुरू होते, बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगात असते. मुलग्यांमध्ये साधारण दोन वर्षं उशिरा. सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच दिसतात आणि पाठीत पोक काढून बसतात, त्याचं कारण हेच. पाळी सुरू होते ती उंचीचा सर्वांत जोराचा काळ उलटल्यावर. त्यानंतर साधारण पाच-सात सेंटिमीटरच शिल्लक असतात. म्हणजे 'शहाणी झाली, आता चांगलं खाऊ घालू' असं म्हणेपर्यंत मोठा वाटा निघून गेलेला असतो. आणि पाळी आली म्हणजे मुलगी बाई झाली, हेही खरं नाही. उंची थांबल्यावरही कमरेची हाडं सतरा-अठरा वर्षांपर्यंत रुंदावत असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास बावीस टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. त्याच सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची पस्तीस टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. हे दोन आकडे मी नेहमी शेजारी शेजारी लिहितो. अजून स्वतःच वाढणाऱ्या मुलीच्या पोटात दुसरं मूल वाढायला लागलं, तर दोघांना पुरेल इतकं त्या शरीरात नसतं. फडात जोडीनं गेलं की कोयता पूर्ण होतो, म्हणून आपल्या भागात लग्नं लवकर लागतात. ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

त्या धाकटीचं काय झालं? तिला औषध द्यावं लागलं नाही. बाईंनी रोज दोन वेळा घरी जाऊन समोर बसून भरवलं, शेंगदाण्याचं कूट, गूळ, अंडं, तेल घातलेली खिचडी. आषाढात रेघ चढायला लागली आणि दिवाळीपर्यंत मूळच्या वाटेला लागली. मूल मागं पडलं आणि वेळेत अन्न मिळालं तर ते नेहमीपेक्षा जास्त वेगानं वाढून आपली जागा गाठायला बघतं, हे मी डोळ्यांनी बघितलं. पण दिवाळी आली म्हणजे उचल आली, आणि ट्रॉली पुन्हा दारात.

त्या वर्षी बाईंनी एक काम केलं. तोवर कार्ड अंगणवाडीच्या कपाटात राहायचं आणि मूल जायचं. बाईंनी गावातल्या प्रत्येक लहान मुलाचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, आईच्या हातात दिलं, आणि आत एक चिठ्ठी ठेवली. फडाजवळच्या अंगणवाडीतल्या ताईंना नमस्कार. हे मूल आमच्या गावचं आहे. महिन्यातून एकदा याचं वजन करून या कार्डावर ठिपका द्यावा आणि खाऊ द्यावा. खाली सही. असं कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, "बाई, कोण ऐकणार तुमचं?" त्या म्हणाल्या, "बाईच असेल ना तिथं."

पाडव्यानंतर तीस-बत्तीस कार्डं परत आली. बरीचशी कोरी होती, काही भिजून फाटली होती, दोन तर हरवल्यानं आलीच नाहीत. त्या मुलीचं कार्ड बाईंनी मला आणून दाखवलं. दिवाळीच्या ठिपक्यापुढं पाच ठिपके होते, हिरव्या शाईचे, आमच्या ओळखीच्या नसलेल्या हातानं नेमके रेघेवर दिलेले. चौथ्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: खोकला होता, आता बरी आहे, भात खाते.